बाबांना प्रोस्टेट कॅन्सर: जनुक तपासणी आधी कुणाची?

फोंडेकर: बाबा ६१ वर्षांचे, कॅन्सर हाडांत पसरलाय. आत्याला स्तनाचा कॅन्सर होता. आम्ही भाऊ ४२ आणि ३८. थेट आमचीच तपासणी केली तर?

बांबोळीकर: आधी बाबांची करा, रक्त किंवा लाळेवर. त्यांच्यात जनुकाचा दोष आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर तुमच्या निगेटिव्ह अहवालाला फारसा अर्थ नाही. गाठीच्या तुकड्यावरची तपासणी वेगळी; तिथला बदल फक्त गाठीपुरता असू शकतो. पॅनेलमध्ये, म्हणजे एकत्र तपासायच्या जनुकांच्या यादीत, बीआरसीए२, बीआरसीए१, एटीएम, एमएसएच२ हवेतच. बीआरसीए२ मध्ये दोष सापडला तर ओलापॅरिबसारखं कॅन्सरचं औषध बाबांनाही लागू पडू शकतं, म्हणून उशीर नको. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) डॉक्टरांशी याच भेटीत बोला.

डिचोलीची ताई: बाबांत दोष निघाला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के. बहीण असेल तर तिलाही सांगा, स्तन आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका तिला असू शकतो. जनुक अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर त्यावरून कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

पेडणेकर: बीआरसीए२ मध्ये दोष असलेल्या पुरुषांनी चाळिशीपासून दरवर्षी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) करायचं. थोरल्याने अहवालासाठी थांबू नये, घरचा इतिहास पुरेसा आहे. पीएसएसाठी रक्त देण्याआधी दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकल टाळा. लघवीचा संसर्ग असेल तर सहा आठवडे थांबा. फिनास्टेराइड (प्रोस्टेटच्या वाढीवरचं किंवा केसगळतीचं औषध) चालू असेल तर लॅबला नाही, डॉक्टरांना सांगा: काही महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतं आणि आकडा फसवतो.