शब्दचर्चा : इंग्लिश फुटबॉलमधला पैसा गुंतवला, घातला की बोजा चढवला?

कोपराकिक

प्रीमियर लीगच्या मालकांबद्दल मराठीत लिहिताना सगळीकडे एकच क्रियापद चिकटवलेलं दिसतं : 'गुंतवले'. अब्रामोविच यांनी चेल्सीत गुंतवले, ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेडमध्ये गुंतवले, शेख मन्सूर यांनी मँचेस्टर सिटीत गुंतवले, पुण्याच्या वेंकीजने ब्लॅकबर्नमध्ये गुंतवले. प्रत्यक्षात या चौघांचे व्यवहार चार तऱ्हांचे आहेत. 'लिव्हरेज्ड बायआउट', 'अमॉर्टायझेशन', 'अॅडमिनिस्ट्रेशन', 'फिट अँड प्रॉपर', 'स्पोर्ट्सवॉशिंग' यांनाही धड शब्द हवेत. शासकीय परिभाषाकोशातले नकोत, सामना बघणाऱ्याला एका वाचनात कळतील असे सुचवा.

जमाखर्च

आधी क्रियापदांचं बघू, कारण खरा घोळ तिथे आहे.

अब्रामोविच यांनी २००३ मध्ये चेल्सी साधारण १४ कोटी पौंडांना घेतला. क्लबचं जुनं देणंही त्यातच आलं. पुढची एकोणीस वर्षं पैसा आला तो मुख्यतः वरच्या कंपनीमार्फत बिनव्याजी कर्ज म्हणून, आणि २०२२ पर्यंत तो आकडा १५० कोटी पौंडांच्या घरात गेला. म्हणजे हा गृहस्थ क्लबचा मालकही होता आणि धनकोही. याला मराठीत सरळ शब्द आहे : 'उसने दिले'. उसने परत मागता येतात. त्यांनी ते मागणार नाही असं जाहीर केलं, ही गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये क्लब २५० कोटी पौंडांना विकला गेला आणि त्यांच्यावरच्या निर्बंधांमुळे ती रक्कम ब्रिटनमधल्या खात्यात गोठवून ठेवली गेली.

शेख मन्सूर यांच्या बाबतीत पैसा मुख्यतः समभागांच्या रूपाने आला. त्याला 'भांडवल घातले' म्हणा. ते परत हवं असेल तर समभाग विकावे लागतात, क्लबकडे तगादा लावता येत नाही.

ब्लॅकबर्न रोव्हर्स वेंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. २०१२ मध्ये संघ खाली उतरला, आणि दुसऱ्या पायरीवरच्या चॅम्पियनशिपमध्ये बहुतेक क्लबांचे पगार उत्पन्नाला गिळून बसतात. तिथे मालक दरवर्षी करतो ती 'तोंडमिळवणी'. हा शब्द घरखर्चातला असला तरी इथे चपखल बसतो, कारण या पैशातून काही उभं राहत नाही, फक्त वर्ष निभतं. भारतातून पैसे पाठवायला न्यायालयाची परवानगी लागेल अशी वेळ २०२३ मध्ये आली, तेव्हा ही तोंडमिळवणी थांबली तर काय होतं ते तिथल्या प्रेक्षकांना कळलं.

'ओतले' हे क्रियापद फक्त प्रमाण सांगतं. मथळ्यात चालेल, बातमीत नको.

मधलीफळी

उसने आणि भांडवल हा फरक कोण बघतो हो? वाचकाला पैसा आला एवढं कळलं की पुरे.

जमाखर्च

नियमच बघतो ना. लीगच्या तोटा-मर्यादेत (२०२५-२६ हंगामापर्यंतचा नियम) तीन हंगामांत १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंत तोटा चालतो, हा आकडा सगळे छापतात. पण त्यातले क्लबच्या स्वतःच्या जिवावर फक्त १ कोटी ५० लाख. उरलेले ९ कोटी मालकाने परत न घेण्याच्या बोलीवर भरलेले असावे लागतात, म्हणजे समभाग घेऊन किंवा तशी पक्की हमी देऊन. उसने दिलेले त्यात धरत नाहीत. म्हणून बातमीत 'मालकाने दहा कोटी दिले' एवढंच लिहिलं, तर क्लब नियमात बसतो की नाही हे वाचकाला कळायला मार्गच उरत नाही.

ही मर्यादा सगळ्यांना सारखी आहे असंही समजू नका. प्रीमियर लीगमधल्या हंगामाला ३ कोटी ५० लाख आणि चॅम्पियनशिपमधल्या हंगामाला १ कोटी ३० लाख, अशी बेरीज होते. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे तीनपैकी दोन हंगाम खालचे होते, म्हणून त्यांची मर्यादा ६ कोटी १० लाख. ती ३ कोटी ४५ लाखांनी ओलांडली, मार्च २०२४ मध्ये ४ गुण गेले. एव्हर्टनने पूर्ण मर्यादा १ कोटी ९५ लाखांनी ओलांडली होती. त्यांचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात त्याचे ६ झाले. पुढच्या कालावधीसाठी एप्रिल २०२४ मध्ये आणखी २ गेले.

सातबारा

'लिव्हरेज्ड बायआउट'साठी 'कर्ज काढून खरेदी' असं वाचलंय. ते अर्धवट आहे. कर्ज काढून कोणीही काही घेतं. इथली मेख अशी, की कर्ज फेडायचं ते विकल्या गेलेल्या क्लबने. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढतो, तोच शब्द घ्या : 'बोजा चढवून खरेदी'.

युनायटेडचं उदाहरण पायरीपायरीने बघा. क्लबवर कर्ज नव्हतं आणि समभाग लंडनच्या बाजारात होते. १२ मे २००५ रोजी ग्लेझर यांनी मॅकमॅनस आणि मॅग्निअर या मोठ्या भागधारकांकडचे २८.७ टक्के समभाग घेतले आणि निम्म्याच्या वर गेले. मग ७५ टक्के. त्या टप्प्यावर विशेष ठराव हातात येतो, कंपनी बाजारातून काढून खासगी करता येते. ९० टक्क्यांच्या वर उरलेल्या छोट्या भागधारकांचे समभाग सक्तीने घेता येतात, त्यांनी कितीही नाही म्हटलं तरी. एकूण खरेदी साधारण ७९ कोटी पौंडांची, त्यातला मोठा भाग कर्जाचा. त्यातल्या काही कर्जाला तारण खुद्द क्लबची मालमत्ता होती, तर काही रक्कम चढ्या व्याजाच्या अशा कर्जाची, की व्याज दरवर्षी न भरता मुद्दलात मिळवत जायचं. त्याला 'चक्रवाढीवर टाकलेलं कर्ज' म्हणता येईल. २०१० मध्ये सुमारे ५० कोटी पौंडांचे रोखे काढून जुनं कर्ज फिरवलं. त्याच सुमाराला मालकांच्या निषेधाचे हिरवे-सोनेरी स्कार्फ स्टेडियमभर दिसायला लागले. ते न्यूटन हीथचे, म्हणजे क्लबच्या मूळ नावाच्या काळातले रंग.

कोपराकिक

पण सातबाऱ्यावरचा बोजा जमिनीचा मालक स्वतः चढवतो. इथे घेणारा तर अजून मालकच नसतो.

सातबारा

बरोबर, म्हणूनच मधली पायरी लागते. घेणारा आधी एक नवी कंपनी काढतो, ती कर्ज घेते, त्या पैशाने समभाग घेते आणि ताबा आला की क्लबची मालमत्ता तारण देते. सार्वजनिक कंपनीने स्वतःच्याच समभागांच्या खरेदीला अशी मदत करणं इंग्लंडच्या कायद्याला मान्य नाही. म्हणून आधी खासगी करणं भाग असतं. गंमत म्हणजे २००५ मध्ये खासगी कंपनीला ही मदत करता यावी म्हणून संचालकांनी शपथेवर निवेदन द्यायची जी रीत होती, तिला तिथले वकील बोलीत 'व्हाइटवॉश'च म्हणत. २००८ मध्ये ती अटही गेली. बर्नली क्लब डिसेंबर २०२० मध्ये याच पद्धतीने विकला गेला, म्हणजे प्रकार फक्त बड्यांपुरता नाही.

वसुमती

'बोजा' पसंत. 'तारणखरेदी' असा एक जोडशब्दही मनात आला होता, पण त्यातून तारण कोणाचं ते कळत नाही. रद्द.

'अमॉर्टायझेशन', म्हणजे खेळाडूची खरेदी किंमत करारातल्या वर्षांवर वाटून खर्चात दाखवणं, त्यासाठी 'घसारा' लिहावं का? लेखापालांच्या तोंडी तोच शब्द असतो.

जमाखर्च

वसुमतीताई, घसारा यंत्राला आणि इमारतीला. खेळाडूची बाजारातली किंमत वाढत असतानाही वहीतली दरवर्षी उतरते, त्यामुळे घसारा म्हटलं की वाचक भलताच अर्थ लावतो. 'हप्ते' तर त्याहून वाईट. विकणाऱ्या क्लबला पैसे किती हप्त्यांत द्यायचे हा वेगळा करार असतो आणि वहीत खर्च किती वर्षांत दाखवायचा हे वेगळं. मराठी बातम्यांत हे दोन्ही सर्रास एक होतात. 'खर्ची टाकणे' वापरा : 'करारकाळात समान खर्ची टाकली जाणारी रक्कम'.

हिशेब असा. एन्झो फर्नांडिस, जानेवारी २०२३, १० कोटी ६८ लाख पौंड, करार साडेआठ वर्षांचा. दरवर्षी खर्ची पडतात सुमारे १ कोटी २६ लाख. तोच करार पाच वर्षांचा असता तर २ कोटी १४ लाख पडले असते. चेल्सीने अशी लांबलचक कंत्राटं का केली ते यात आलं. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, २०२३ च्या उन्हाळ्यापासून पाच वर्षांची मर्यादा घातली आणि डिसेंबरमध्ये प्रीमियर लीगनेही. मर्यादा खर्ची टाकण्यावर आहे, कंत्राटावर नाही. आठ वर्षांचं कंत्राट आजही करता येतं. जुन्या कंत्राटांना ती मागून लावली नाही, हेही बातमीत सांगायला हवं.

आता विक्री. असा खेळाडू दोन वर्षांनी विकला तर वहीत त्याची शिल्लक ८ कोटी १७ लाखांच्या आसपास. तो ९ कोटींना गेला तरी वहीत ८३ लाखांचा नफा दिसेल, खरेदी पावणेअकरा कोटींची असली तरी. उलट त्याचा भाव पडला आणि तो ५ कोटींनाच गेला, तर तीन कोटींहून जास्त तोटा एकदम त्याच वर्षात येतो. लांब कंत्राटाचा फास हाच आहे : विकता येत नाही, ठेवला तर पगार चालू.

अकादमीतून वर आलेल्या खेळाडूची वहीतली किंमत शून्य, म्हणून विक्रीची सगळी रक्कम नफा. मेसन माउंट २०२३ मध्ये साडेपाच कोटींना युनायटेडला गेला तो नुसता खेळाचा निर्णय नव्हता. घरचं पोरगं विकणं हिशेबाच्या दृष्टीने सगळ्यात फायद्याचं, असा हा उफराटा नियम आहे.

मधलीफळी

आणि हॉटेलं? चेल्सीने मैदानालगतची दोन हॉटेलं आपल्याच समूहातल्या कंपनीला ७ कोटी ६५ लाखांना विकली. त्याला काय म्हणायचं, 'या खिशातून त्या खिशात'?

जमाखर्च

वाक्प्रचार बरोबर, पण बातमीत 'संबंधित पक्षातील व्यवहार' लिहा. आपल्याकडच्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतही साधारण हेच असतं. लीगने तो मान्य केला, कारण भाव बाजारभावाला धरून होता असं ठरलं. युएफा असा नफा धरत नाही. प्रायोजकत्वालाही हीच कसोटी : मालकाच्या ओळखीतल्या विमान कंपनीने जर्सीसाठी दिलेली रक्कम रास्त बाजारभावाची आहे का? ही कसोटी घालणारे डिसेंबर २०२१ चे नियम न्यूकॅसलच्या विक्रीनंतर लगोलग आले आणि पुढे सिटीने त्यांनाच आव्हान दिलं.

वसुमती

'अॅडमिनिस्ट्रेशन' म्हणजे 'दिवाळखोरी' नव्हे, एवढं मी ठामपणे सांगते. दिवाळं निघालं म्हणजे दुकान बंद. इथे दुकान चालू ठेवून घेणेकऱ्यांपासून सवड मिळते. 'प्रशासक बसला' हे आपल्याकडे सहकारी बँका आणि पालिकांमुळे सगळ्यांना कळतं. मात्र आपला प्रशासक सरकार किंवा रिझर्व्ह बँक बसवते, तिथला नादारी प्रकरणांतला परवानाधारक व्यावसायिक असतो आणि त्याला कंपनी, तारणधारक किंवा न्यायालय नेमतं. पहिल्या उल्लेखात अर्धं वाक्य खर्चून हे सांगावं. पोर्टस्मथने २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये प्रीमियर लीगमधला पहिला प्रशासकाखालचा क्लब झाला. ९ गुण गेले.

अशा वेळी पैसे वाटताना खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी पुरती भागवावी लागतात, नाहीतर लीगमध्ये राहता येत नाही. केटरर, छापखाना, रुग्णवाहिका सेवा यांना रुपयामागे काही आणे, आणि २०२० पर्यंत करखात्यालाही तेवढेच. करखातं न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये हरलं. आधी पैसे मिळणाऱ्या त्या पहिल्या गटाला 'फुटबॉलमधले धनको' पुरेसं आहे.

कोपराकिक

'फिट अँड प्रॉपर', म्हणजे नव्या मालकाला मान्यता देण्याआधी लीग करते ती तपासणी?

सातबारा

'चाचणी' नको, गुण मिळतात असं वाटतं. 'छाननी' लिहा. उमेदवारी अर्जाची होते तशीच : ठराविक कारणं निघाली तर अर्ज बाद, नाहीतर मान्य. चांगला माणूस आहे की नाही हे कोणी बघत नव्हतं. 'बरी' (Bury) नावाचा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगबाहेर फेकला गेला. पैसे कुठून आणणार याचा पक्का पुरावा आधी हातात नव्हता. जुलै २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आला तो अशाच प्रकरणांमुळे.

मधलीफळी

'स्पोर्ट्सवॉशिंग', म्हणजे खेळाच्या आडून राजवटीची प्रतिमा उजळवणं, त्याला 'खेळधुलाई'?

वसुमती

धुलाई म्हणजे मार देणं. 'न्यूकॅसलची खेळधुलाई' वाचून लोक पाच-शून्य समजतील. 'रंगसफेदी' जवळचा आहे, 'खेळातून रंगसफेदी'. पण हा आरोप आहे, म्हणून 'टीकाकारांच्या मते' लावल्याशिवाय छापू नका. न्यूकॅसलमध्ये ऑक्टोबर २०२१ ला सौदीच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने ८० टक्के घेतले, व्यवहार ३० कोटी ५० लाखांचा. सौदी शासन क्लब चालवणार नाही अशी कायदेशीर हमी लीगने घेतली. निधीचे अध्यक्ष युवराज आहेत हेही त्याच परिच्छेदात येऊ द्या, वाचक काय ते ठरवेल.

फातोर्डेकार

एक शब्द राहिला, 'मल्टी-क्लब ओनरशिप', म्हणजे एकाच मालकाकडे अनेक क्लब. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२५ सरता सरता ते बाहेर पडले. मधल्या काळात, मार्च २०२१ मध्ये, मुंबईने आमच्या गोव्यात, फातोर्ड्याला, आयएसएलचा अंतिम सामना मारला. 'मालकीसाखळी' चालेल?

जमाखर्च

चालेल, पण 'मालकी' शब्दाने एक चूक होते. क्रिस्टल पॅलेसने २०२५ मध्ये एफए कप जिंकून युरोपा लीगची जागा मिळवली. जॉन टेक्स्टर यांच्या ईगल फुटबॉलकडे पॅलेसचा बहुमताचा हिस्सा नव्हता, तरी फ्रान्सचा लियाँ क्लब त्यांचाच असल्याने दोन्ही क्लब एका स्पर्धेत बसेनात. लियाँ आपल्या लीगमध्ये वर होता, म्हणून पॅलेस खाली कॉन्फरन्स लीगमध्ये गेला. युएफा नुसते टक्के बघत नाही, दोन्हीकडे निर्णायक वजन आहे का ते बघतं. तेव्हा 'निर्णायक वजन' हा शब्द ठेवा. आणि मालकीतला बदल १ मार्चच्या आत झालेला असावा लागतो. कप मे महिन्यात जिंकला, तोवर तारीख उलटून गेली होती.

फातोर्डेकार

२०२४ मध्ये सिटीच्या मालकांकडचे स्पेनच्या जिरोनाचे आणि युनायटेडच्या भागमालकांकडचे फ्रान्सच्या नीसचे समभाग 'ब्लाइंड ट्रस्ट'कडे दिले होते, म्हणून सिटी आणि युनायटेडची अडचण सुटली. ते कसं लिहायचं?

वसुमती

'आंधळा न्यास' कुठेतरी वाचलाय, तो तेवढा नको. 'त्रयस्थ विश्वस्तांकडे सोपवले' पुरतं.