४३१००१ मध्ये दडलेले वर्ग
एका दादांनी लिहिलंय, छत्रपती संभाजीनगरचा पिन ४३१००१ 'विषम आहे, नऊनं भाग जातो, बाकी काही नाही'. दादा, इथंच थांबू नका. अजून फोडा: ८१ × १७ × ३१३.

अंकांची बेरीज ९ आणि तिनं पूर्ण भाग जातो, म्हणून ही हर्षद संख्या. हे नाव देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी दिलेलं. विभाजक २०. स्वतःला सोडून त्यांची बेरीज २५२८९१, कमीच भरते, म्हणून न्यून संख्या.

खरी गोडी पुढं आहे. १७ आणि ३१३ ह्या मूळ संख्यांना चारनं भागलं की बाकी १ उरते, आणि ३ हा अवयव सम वेळा, म्हणजे चारदा येतो. अशी संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच! काल रात्री भाचीच्या वहीत मांडलं: १७ = १६ + १, ३१३ = १६९ + १४४. त्यांची सांगड घालून दोन जोड्या निघाल्या, ५७६² + ३१५² आणि ५४९² + ३६०². दुसरी जुळली तशी पोरगी टुणकन उठली, म्हणाली, "मामा, आता जालन्याचा!"

तिथं जमत नाही. ४३१२०३ ला चारनं भागलं की ३ उरतात. वर्गाची बाकी ० किंवा १ च असते, दोन वर्ग मिळून ३ होणार कुठून?