मदत हवी आहे: मोटर उलटी फिरली की रोबोटवरचे दिवे भलतेच रंग दाखवतात

कॉलेजच्या टीमचा स्पर्धेचा रोबोट आहे, आम्ही नांदेडचे. चेसिसभोवती डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (डेटाच्या एकाच वायरवरून प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणारी) लावली आहे, ६० एलईडी. चेंडू पकडला की हिरवा, नाहीतर टीमचा भगवा. ड्रायव्हरला लांबून तेवढंच दिसतं, म्हणून दिवे काढून टाकणं नको आहे.

३एस लिपोवरून (तीन सेलची लिथियम बॅटरी) बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) ५ व्होल्ट, डेटा ईएसपी३२ या कंट्रोलर बोर्डवरून. रोबोट उभा असताना सगळं झकास. मोटर झटक्यात उलटी फिरवली की मधेच चार-पाच दिवे निळे-पांढरे होतात. ईएसपी३२ रीसेट होत नाही.

पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डेटावर ३३० ओहमचा रेझिस्टर, ब्राइटनेस ३० टक्के, ग्राउंड एकच, हे सगळं करून झालंय. मल्टिमीटर ५ व्होल्टच दाखवतो, पण क्षणभराचा डिप त्याला कुठला कळणार! डेटाची वायर मोटरच्या वायरींना चिकटून दीड फूट जाते, माझा संशय तिच्यावरच आहे.

नियमानुसार बॅटरी एकच, पॉवरबँक चालत नाही. लेव्हल शिफ्टर (ईएसपी३२ चा ३.३ व्होल्टचा सिग्नल ५ व्होल्टचा करणारी चिप) इथे मिळाला नाही आणि कुरिअर वेळेत येईलसं वाटत नाही. ३.३ व्होल्टचा डेटा नीट ओळखला जावा म्हणून बक ४.५ व्होल्टवर आणला तर पुरेल, की आधी वायर वेगळ्या मार्गाने न्यावी?