गिरगावातल्या गायब झालेल्या जागा नकाशावर नेमक्या कुठे टाकायच्या?

दुसरा_मजला

वाडीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत यंदा मधल्या दोन पानांवर १९३० ते ६० च्या गिरगावचा नकाशा द्यायचा आहे. आजच्या नकाशावरच जुन्या खुणा टाकणार. तीन ठिकाणी गाडं अडलंय. एक, कॉरोनेशन थेटर. कोणी सँडहर्स्ट रोड स्टेशनकडे बोट दाखवतं, कोणी गिरगावातच होतं म्हणतं. दोन, जुन्या पावत्यांवर 'गिरगाव बॅक रोड, घर नं. अमुक' असे पत्ते आहेत आणि त्या नंबरांची घरं आज लागत नाहीत. तीन, फोटो बरेच जमलेत, पण एकाच्याही मागे साल नाही. छपाईला तीन आठवडे उरलेत.

वाडीचा_वाटाड्या

आधी रस्त्यांची नावं लावून घ्या, अर्धे वाद तिथेच मिटतात. गिरगाव रोड म्हणजे आजचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग. गिरगाव बॅक रोड म्हणजे विठ्ठलभाई पटेल मार्ग. क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे मार्ग झाला, लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग आणि सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. दोन पटेलांत गफलत ठरलेली: व्ही. पी. आणि एस. व्ही. पी. सख्खे भाऊ असले तरी रस्ते दोन आहेत. नकाशावर नावं पूर्ण छापा.

कॉरोनेशनचा घोळही यातूनच झालाय. सँडहर्स्ट रोड डोंगरीपासून थेट चौपाटीपर्यंत येतो. स्टेशन डोंगरीच्या टोकाला, थेटर गिरगावच्या टोकाला. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला तो इथे. स्टेशनचं नाव ऐकून लोक तिकडे जातात आणि मग 'पाडलं वाटतं' म्हणून परत येतात.

मॅजेस्टिक थेटर सोपं आहे. १४ मार्च १९३१ ला 'आलमआरा' जिथे लागला तिथे आज शंकरशेट मार्गावर मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभं आहे. फक्त इंटरनेटवरचे जुने फोटो उचलताना जपा. रीगल समोरच्या मॅजेस्टिक हॉटेलचे, म्हणजे पुढच्या आमदार निवासाचे फोटोही त्याच नावाने फिरतात.

सीएस_नंबर

घर नंबरावर विसंबू नका. रस्त्याचे नंबर बदलतात, वाड्यांना दोन-दोन रस्त्यांवर तोंडं असतात, एकाच इमारतीचे दोन नंबर निघतात. जमिनीचा नंबर पकडा.

शहर भागात जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे जमीन मोजणीचा) नंबर असतो. तो मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे वर्तमानपत्रातली वकिलांची जाहीर नोटीस. खालच्या परिशिष्टात सगळी साखळी एका दमात येते: कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, जुना सर्व्हे, नवा सर्व्हे, सी. एस. नंबर, पालिकेचा वॉर्ड नंबर, रस्त्यावरचा नंबर. चौरस वारात क्षेत्रफळ आणि चतुःसीमाही. 'पश्चिमेस अमक्या शेटची चाळ' ही ओळ नकाशा काढणाऱ्याला सोन्याची. शेजारची चाळ गेली असली तरी तिचं नाव तिथे टिकून असतं.

नोटीस नाही मिळाली तर जुन्या कस्टम हाऊसमधल्या जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळकत पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) नक्कल मागा. अर्जात सी. एस. नंबर तर हवाच, पण डिव्हिजन, म्हणजे जमिनीच्या नोंदींचा विभागही लिहा. प्रत्येक डिव्हिजनमध्ये नंबर एकपासून सुरू होतात, आणि आपण ज्याला गिरगाव म्हणतो ते सगळं गिरगाव डिव्हिजनमध्ये येत नाही. काही भाग भुलेश्वर डिव्हिजनमध्ये आहे. डिव्हिजन चुकली की भलत्याच वाडीचं कार्ड हातात येतं. पालिकेच्या विकास आराखड्याच्या शीटवर हे नंबर छापलेले असतात, त्यावर जागा थेट टिपता येते.

त्याच्याही मागच्या काळात जायचं असेल तर लॉटनचा सर्व्हे, म्हणजे मुंबईची जुनी जमीन मोजणी, १८६५ ते ७२. एक इंचाला चाळीस फूट, म्हणजे विहीर नि ओटासुद्धा दिसावा इतकं मोठं प्रमाण. पण तुमचा काळ १९३० नंतरचा, तेव्हा त्यात तीन आठवडे घालवू नका.

काचेवरची_धूळ

फोटोंचं साल असं काढा. डोक्यावर ट्रामची तार दिसली तर १९०७ ते १९६४ मधला. विजेची ट्राम ७ मे १९०७ ला सुरू झाली, शेवटची ३१ मार्च १९६४ ला धावली. रूळ आहेत, तार नाही आणि घोडे आहेत, तर १९०७ च्या आधीचा. पण नुसते रूळ दिसले म्हणून निकाल देऊ नका, ट्राम बंद झाल्यावरही रूळ बरेच दिवस रस्त्यात होते. दुमजली ट्राम १९२० पासून, बस १९२६ पासून, डबलडेकर बस १९३७ पासून. चर्नी रोड स्टेशनच्या फोटोत रेल्वेवर विजेची तार असेल तर जानेवारी १९२८ च्या नंतरचा.

दुकानाच्या पाट्या भिंगाखाली धरा. 'मुंबई ४' (जुना टपाल विभागाचा नंबर) म्हणजे बहुधा ऑगस्ट १९७२ च्या आधीची पाटी, '४०० ००४' नक्की नंतरची. उलटा नियम मात्र लागू नाही, कारण पिनकोड आल्यावरही लोक सवयीने 'मुंबई ४' लिहीत राहिले आणि जुन्या पाट्या कोणी उतरवल्या नाहीत.

दुसरा_मजला

एका फोटोत 'मुंबई ४' अशी पाटी, वर तार, मागे डबलडेकर बस. म्हणजे १९३७ ते ६४?

काचेवरची_धूळ

बरोबर. आता थेटरावरचं पोस्टर वाचता येतंय का बघा. चित्रपट कळला की साल हाती येतं. फोटो किमान ६०० डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलने काढलेल्या फोटोत पाटीची अक्षरं फुटतात. आणि निगेटिव्ह उलटी छापली गेली नाही ना, हे पाटीवरूनच तपासा.

वाडीचा_वाटाड्या

तलाव राहिले. सी. पी. टँक नि धोबीतलाव दोन्ही ठिपक्यांच्या रेषेने दाखवा. दोन्ही बुजवलेले आहेत, निळा रंग भरलात तर लोक फसतील. वाड्यांतल्या विहिरींना वेगळी खूण द्या. १९११ च्या डॉ. बेंटलींच्या मलेरिया अहवालानंतर कित्येक बुजवल्या, कित्येकींवर झाकणं बसली. आज ती नुसती फरशी वाटते. आणि मेट्रो ३ च्या गिरगाव, काळबादेवी स्थानकांसाठी शंकरशेट मार्गावरच्या ज्या इमारती पडल्या त्या आजच्या नकाशात नसणारच. तेवढ्यापुरता खाली २०१० च्या सुमाराचा नकाशा घ्या.