‘पार्श्वसंगीत’ म्हणजे नेमकं कोणतं संगीत?

पानगळ:
प्रभातच्या ‘कुंकू’वर (१९३७) एक इंग्रजी टिपण मराठीत करतेय. त्यात मी लिहिलं, ‘या बोलपटात पार्श्वसंगीत नाही.’ मजकूर तपासणाऱ्या बाईंनी वाक्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, ‘असं कसं? शांता आपटे यांची गाणी आहेत की!’ गाणी आहेतच. त्यांनी केलेली नायिका नीरा लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा गाते. पण दिग्दर्शक शांतारामबापूंनी ठरवून असं केलं की ज्याचा उगम त्या दृश्यात आहे तेवढाच आवाज ऐकू यावा. नीराचे म्हातारे पती काकासाहेब एकटे बसलेले असतात तेव्हा भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ ऐकू येतं. त्यांचं दुःख आपल्याला समजावं म्हणून वरून व्हायोलिन सोडलेलं नाही. इंग्रजीत यासाठी ‘डायजेटिक’ (दृश्यातूनच येणारा आवाज) आणि ‘नॉन-डायजेटिक’ (वरून घातलेला) अशी जोडी आहे. मराठीत काय म्हणायचं? आणि पार्श्वसंगीत म्हटलं की तुम्हाला काय ऐकू येतं?

शेवटची रांग:
‘पात्रांना ऐकू येणारं’ आणि ‘फक्त प्रेक्षकांना ऐकू येणारं’. एवढं लिहा आणि पुढे चला. वाचणाऱ्याला लगेच समजेल.

पानगळ:
एकदा लिहायला ठीक आहे. टिपणात ती जोडी पानोपानी येते.

तानपुरा:
मुळात ‘पार्श्वसंगीत’ हा शब्दच सदोष आहे. पार्श्व म्हणजे बाजू, कूस. मागचं ते पृष्ठ. हिंदीत पृष्ठभूमी म्हणतात ते योग्य. आपण पार्श्वभूमी म्हणतो आणि मग पार्श्वगायन, पार्श्वसंगीत अशी रांगच लागते. बंगालीत पार्श्वगायकाला नेपथ्य गायक म्हणतात. तो शब्द आपण घ्यायला हवा होता. पडद्यामागून येणारा आवाज तो नेपथ्यातला. संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ अशी सूचना येते ती याच अर्थाने.

शेवटची रांग:
मराठीत नेपथ्य म्हणजे सेट. नेपथ्यकाराला बक्षीस मिळतं ते भिंती, दारं, खिडक्या उभ्या केल्याबद्दल. ‘नेपथ्यसंगीत’ म्हटलं तर नाटकवाला विचारेल, सुताराचा ठोका का? शब्द जिथे पोचलाय तिथून त्याला ओढून परत संस्कृतात नेता येत नाही.

तानपुरा:
का नाही? ‘दिग्दर्शक’ हा सावरकरांनी सुचवलेला शब्द. तो रुजला की नाही?

शेवटची रांग:
रुजला, कारण त्या जागी दुसरा मराठी शब्द बसलेला नव्हता. इथे बसलाय.

सावंतवाडीकर:
पार्श्व म्हणजे बाजू असेल तर आमच्याकडे हा शब्द अगदी बरोबर आहे. दशावतारात पेटी, मृदंग, झांज घेऊन मंडळी रंगमंचाच्या कडेला बसतात. मागे नाही, बाजूला, आणि सगळ्यांना दिसतील अशी. संकासुर येतो तो त्यांच्या तालावर. राजा रडायला लागला की पेटीवाला सूर धरून ठेवतो. आमचे आजोबा खेळ बघून आले की म्हणायचे, ‘आज पेटीवाल्यान राजाक रडयलो.’ नटाने नव्हे, पेटीवाल्याने!

आता पानगळ यांच्या जोडीत हे कुठे बसवायचं ते सांगा. हरिश्चंद्राला ती पेटी ऐकू येते का? स्मशानात पेटी कुठून आली? पण मधेच तोच हरिश्चंद्र पेटीवाल्याकडे बघून पट्टी मागतो, हे मी कितीदा पाहिलंय.

तानपुरा:
फार मोलाचं उदाहरण. याचं मूळ नाट्यशास्त्रात आहे. वादकांचा समूह तो कुतप. त्याची जागा नेपथ्यगृहाच्या, म्हणजे नटांच्या वेशभूषेच्या खोलीच्या, दोन दारांच्या मधे. आणि ध्रुवा नावाची पदं पाच प्रकारची: पात्राच्या प्रवेशाला प्रावेशिकी, जाताना नैष्क्रामिकी, शिवाय आक्षेपिकी, प्रासादिकी, आंतरा. ही पदं पात्र स्वतः गात नाही, गायक गातात आणि प्रसंगाचा भाव प्रेक्षकांपर्यंत नेतात. म्हणजे नॉन-डायजेटिक संगीताची कल्पना आपल्याकडे होतीच. त्याला ‘ध्रुवासंगीत’ म्हणावं असं मी गंभीरपणे सुचवतो. ‘डायजेसिस’ हा शब्द तरी काय, प्लेटोपासूनचा ग्रीकच. फ्रेंच अभ्यासक सूरियो याने १९५०च्या सुमारास तो सिनेमाला लावला. त्यांनी जुना शब्द काढला, आपण का काढू नये?

चौथा पडदा:
मी अंधेरीला साउंड मिक्सिंगमध्ये आहे. आमच्याकडे पार्श्वसंगीत हा शब्द फक्त श्रेयनामावलीत दिसतो. बोलताना ‘बॅकग्राउंड’ किंवा नुसतं ‘बीजी’. दृश्यातल्या रेडिओतून, बँडमधून येतं ते ‘सोर्स’. भांडण नाही, गोंधळ नाही.

पण खरी अडचण शब्दांच्या पलीकडे आहे. समजा खोलीत रेडिओवर गाणं लागलंय. मी त्याचा खर्ज काढतो, वरची धार काढतो, त्या खोलीचा घुमारा देतो आणि रेडिओ जिथे दिसतो त्या बाजूच्या स्पीकरवर ठेवतो. झालं सोर्स. मग बाई दार ओढून घेते, बसने निघते, आणि गाणं चालूच राहतं. तेव्हा काढलेला खर्ज मी हळूहळू परत देतो, घुमारा कमी करतो, आवाज सगळ्या थिएटरभर पसरवतो. बस वळणावर पोचेपर्यंत ते गाणं तिच्या मनातलं झालेलं असतं. कुठल्या क्षणी ते रेडिओचं राहिलं नाही, हे मलाही बोट ठेवून दाखवता येणार नाही. प्रेक्षकाला घशात दाटून येतं ते तिथेच. तुमची कोणतीही जोडी घ्या, या मधल्या सेकंदांचं काय करणार?

पानगळ:
हे वाचून सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ आठवला. मुलगी दुर्गा गेल्याचं सर्वजया नवऱ्याला, हरिहरला सांगते तो प्रसंग. ती आक्रोश करते, तोंड उघडलेलं दिसतं, पण तिचा आवाज काढून टाकलाय आणि त्या जागी तारशहनाई हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजते. ती तारशहनाई पार्श्वसंगीत म्हणू की सर्वजयेचं रडणं?

शेवटची रांग:
ऋत्विक घटकांच्या ‘मेघे ढाका तारा’त (१९६०) नायिका नीतावर चाबकाचे फटके ऐकू येतात. चाबूक कुठेही नाही. आणि ते संगीतही नाही. तेव्हा ‘संगीत’ धरून बसू नका, ‘आवाज’ म्हणा.

तानपुरा:
‘ध्वनी’ म्हणा.

शेवटची रांग:
आवाजच. माणसं आवाज ऐकतात.

सावंतवाडीकर:
मला जोडी हवीशी वाटते ती ‘फँड्री’मुळे. डुकराच्या मागे धावून जब्या या मुलाचं सगळं घर दमलंय, डुक्कर समोर आहे आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. ते राष्ट्रगीत त्यांना ऐकू येतंय म्हणूनच तो प्रसंग उभा आहे. तेच वरून वाजवलं असतं तर दिग्दर्शकाचं भाषण झालं असतं. जब्या उभा राहतो, आणि आपण खुर्चीत बसून त्याला उभं राहिलेलं बघतो. हा फरक सांगायला भाषेत जागा हवीच. ‘दृश्यातलं’ आणि ‘दृश्यावरचं’ असं चालेल का?

चौथा पडदा:
‘दृश्यावरचं’ आवडलं. आम्हीही म्हणतो, ‘या सीनवर म्युझिक नको.’

तानपुरा:
मग पार्श्वगायन कुठलं? नायिका ओठ हलवते म्हणून दृश्यातलं, की लताबाई स्टुडिओत गायल्या म्हणून दृश्यावरचं? आणि डोंगरावर दोघंच असताना शंभर व्हायोलिनं? आपल्या सिनेमाला ही पाश्चात्त्य विभागणी लागूच पडत नाही. आपल्याकडे गाणारा एक आणि त्याला मागून उचलून धरणारे दुसरे, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. तमाशातले झीलकरी बघा.

शेवटची रांग:
झीलकरी मागे उभे राहतात, म्हणजे तुमच्या हिशेबाने ते ‘पृष्ठगायक’.

तानपुरा:
हो, तसंच म्हणायला हवं.

सावंतवाडीकर:
झीलकरी आणि सुरत्ये एकच का? आमच्याकडे दोन्ही शब्द नाहीत.

शेवटची रांग:
आमच्या सांगलीकडे मागे उभं राहून ओळ उचलतो, वरच्या पट्टीत ‘जी जी’ ओढतो तो झीलकरी. सुरत्या नुसता सूर धरतो. माझे चुलते फडात झील धरायचे, ते हा भेद कटाक्षाने पाळत.

तानपुरा:
कोशात तसा भेद असेल असं वाटत नाही. झील शब्दाच्या व्युत्पत्तीवर स्वतंत्र धागा काढतो.

पानगळ:
काढा. मला मंगळवारपर्यंत मजकूर द्यायचाय. सध्या ‘दृश्यातलं’ आणि ‘दृश्यावरचं’ ठेवतेय, पण तपासणाऱ्या बाई ‘दृश्यावरचं’ला ‘दृश्यासंबंधीचं’ समजतील असं वाटतंय.