पहिल्या शॉर्टफिल्ममधल्या चुका: तुमचे अनुभव सांगा

टेकडी:
माळा आवरताना मिनी-डीव्हीची कॅसेट सापडली. वर माझ्याच अक्षरात 'आजी, सीन ४'. २००८, कॉलेजचं शेवटचं वर्ष. पुण्यातल्या आमच्या वाड्यात शूट केलं होतं. आजीने कधी नाटकातही काम केलेलं नव्हतं, तरी दोन पानं तोंडपाठ करून बसली. मे महिना, म्हणून पंखा चालू ठेवला. माईक कॅमेऱ्यावरचाच आणि कॅमेरा दहा फुटांवर. हेडफोन कुणीच लावला नव्हता, सगळं लक्ष खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे. एडिटिंगला बसलो तेव्हा नुसती घरघर, आणि तिच्यामागे कुठेतरी आजी. डबिंग करू म्हटलं, तोवर ती आजारी पडली. राहूनच गेलं. त्यानंतर हेडफोन कानाला लावल्याशिवाय मी कधी 'अ‍ॅक्शन' म्हटलेलं नाही. तुमचंही लिहा, मनापासून वाचायचंय.

साखरभात:
गलबलून आलं रे. आम्ही आवाज नको म्हणून मैत्रिणीकडचा फ्रिज बंद केला आणि पॅकअप करून सगळे घरी. दूध, आमरस, सगळं गेलं. काकू एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. आता फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली आत ठेवते. ती घेतल्याशिवाय निघताच येत नाही. बाकी नंतर, कुकर झालाय.

घाटवाट:
ट्यूबलाइट!! शटर स्पीड १/६० सेकंदावर, आख्ख्या सीनभर पट्ट्या सरकतायत. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून १/५० नाहीतर १/१०० ठेवायचं. कळलं तोवर वर्गाची परवानगी संपली होती.

रानवारा:
दोघं भावंडं भांडतायत आणि पडद्यावर दोघंही खिडकीकडेच बघतायत. १८० अंशांची रेषा ओलांडली होती. सर रागावले नाहीत. दोघांना समोरासमोर उभं केलं, मध्ये खडूने रेघ मारली आणि म्हणाले, कॅमेरा हिच्या एकाच बाजूला. ती रेघ अजून डोळ्यांसमोर आहे.

सातारी:
रूम टोन घ्या रे पोरांनो! सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची. आम्ही शेतात घेतला नव्हता. प्रत्येक कटला रातकिडे गप्प, परत सुरू. महिन्याने रेकॉर्डर घेऊन त्याच बांधावर गेलो तर पाऊस होऊन गेलेला, नुसते बेडूक.

निळाई:
टेकडी, अवांतर आहे, पण कॅसेट लगेच कॅमेऱ्यात घालू नकोस. टेपवर पांढरे ठिपके दिसतायत का बघ. बुरशी असली तर कॅमेऱ्यातलं टेप वाचणारं हेडही खराब होईल.

टेकडी:
ठिपके नाहीत, उजेडात धरून बघितलं. कॅमेराही चालतोय. पण टेपवरचं पीसीवर उतरवायला फायरवायरचं (जुन्या कॅमेऱ्यांच्या केबलचं) पोर्ट लागतं, तसला पीसी कुणाकडे आहे का?

घाटवाट:
माझ्याकडे आहे, चालू आहे. रविवारी कोथरूडला ये. केबलही आहे.

साखरभात:
मीपण येऊ का? माझ्याही तीन कॅसेट पडून आहेत, भावाच्या लग्नाच्या.

घाटवाट:
या की.

टेकडी:
लागली कॅसेट. घरघर आहेच. पण चौथ्या टेकच्या शेवटी वीज गेलीय. पंखा हळूहळू थांबतो, कॅमेरा बॅटरीवर चालूच आहे, आणि आजी एकदम स्वच्छ आवाजात विचारते, "झालं का रे? चहा टाकू का सगळ्यांना?" पुढं मला लिहवत नाही.

सातारी:
आधी दोन कॉपी कर. एक दुसऱ्या घरी ठेव.