अश्वगंधेत कॅडमियम (विषारी धातू) निघालंय, कोणती फवारणी घेऊ? (अर्जंट)

बांधावरून: काढणीला महिना राहिलाय. व्यापाऱ्याने नमुना तपासला, ०.७ आलं, माल घेत नाही म्हणतो. पानंही पिवळी पडलीत. फवारणी सांगा, लवकर.

काळी_कसदार: ०.७ काय, पीपीएम (किलोत मिलिग्रॅम)? मूळ की पान? पाणी कुठलं देता? सामू (पीएच) किती?

बांधावरून: पीपीएमच असणार. मूळच हो, अश्वगंधेचं अजून काय विकतात!

हापूसवाला: चुना टाका. आमच्याकडे रत्नागिरीत हाच उपाय. सामू वाढला की झाड कॅडमियम कमी उचलतं.

काळी_कसदार: तुमची जांभ्याची आंबट माती, तिथे ठीक. पाणी आणि सामू राहिलाच, बांधावरून.

बांधावरून: सामू ८.१. विहिरीचं पाणी देतो. आटली की नाल्याचं. वरच्या अंगाला प्लेटिंगचे कारखाने आहेत, पण पाणी स्वच्छ दिसतं.

काळी_कसदार: घ्या! प्लेटिंगच्या सांडपाण्यात कॅडमियम असू शकतं, आणि हे आत्ता सांगताय. ८.१ म्हणजे माती आधीच अल्कधर्मी, चुना वाया.

ग्रीनहाऊस_ग्यानी: सॅलिसिलिक ॲसिड आणि सिलिकॉन फवारा. ताण सोसण्याची ताकद येते. सोबत ईडीटीए चिलेटेड मिक्स (ईडीटीए रसायनाने बांधलेली सूक्ष्म अन्नद्रव्यं) ड्रिपने सोडा.

काळी_कसदार: ईडीटीए अजिबात नको. दूषित जमीन साफ करणारे ते मुद्दाम सोडतात, झाडाने धातू जास्त उचलावा म्हणून. आणि झाडाने ताण सोसला म्हणजे धातू गेला असं नाही. बरीच झाडं कॅडमियम मुळातच कोंडून ठेवतात, पानं हिरवीगार दिसतात. गिऱ्हाईक मूळच खातं ना? आयुर्वेदिक फार्माकोपियाची (औषधांच्या सरकारी मानक-ग्रंथाची) कॅडमियमची मर्यादा ०.३ पीपीएम आहे. पान बघून कोणी पास करत नाही.

सोनचाफा: अवांतर, सासऱ्यांना अश्वगंधा दुधातून द्यावी की तुपातून?

हापूसवाला: दुधातून. पिवळेपणा कोवळ्या पानांवर आहे का? शिरा हिरव्या?

बांधावरून: हो, वरच्याच पानांवर.

हापूसवाला: मग लोह कमी पडतंय, चुनखडीच्या रानात होतंच. फेरस सल्फेट फवारा. कॅडमियमचा दोष नसेलही.

काळी_कसदार: हे पटलं. नमुन्याची मुळं धुतली होती?

बांधावरून: माती झटकून दिली.

काळी_कसदार: चिकटलेल्या मातीतला धातूही मोजला गेला असेल. धुऊन, वाळवून परत तपासा. नाला आजपासून बंद. पुढच्या पेरणीआधी भरपूर शेणखत आणि मातीत जस्त कमी निघालं तरच झिंक सल्फेट. जस्त भरपूर असलं की कॅडमियमला मुळात शिरायला वाव कमी. या हंगामाचं आता फवारून काही सुटणार नाही.

बांधावरून: ठीक. उद्याच मुळं धुतो.

काळी_कसदार: नाल्यावर नाही.

बांधावरून: बरं झालं सांगितलंत.